उभा खडू

गेल्या दिवाळीच्या सुटींत, शाळेच्या विज्ञान-प्रदर्शनासाठीं आगगाडीची एक लहानशी प्रतिकृति करावी, असें मीं मनांत आणलें. आमचें घर डोंबिवलीस रुळांपासून हांकेच्या अंतरावर. शिवाय आजोबांचें आयुष्य कल्याणच्या लोकलगाड्या हांकण्यांत गेलेलें. तेव्हां विषय मला सोपा वाटला. सहा व्होल्टची मोटार, चार चाकें व पत्र्याचा डबा जुळवून मीं गाडी त्यांच्यापुढें ठेविली. त्यांनीं डब्याच्या टपावर खडूचा तुकडा उभा केला व म्हणाले, “हा तुझा दारांत उभा असलेला उतारू. आतां सोड गाडी.” बटन दाबतांच गाडीनें उसळी घेतली आणि उतारू जमिनीवर पडला.

दाब कमी केला कीं मोटारीचा वेग कमी होतो, एवढें मला ठाऊक होतें. म्हणून वाटेंत एक फिरता रोधक घातला. पूर्ण रोध असतां गाडी हलेना. रोध हळूहळू काढीत गेलों, तर एका ठिकाणीं ती एकदम सुटे व खडू पुन्हां आडवा होई. असें कां व्हावें? मोटार थांबलेली असते तेव्हां तिच्यांतून प्रवाह सर्वांत अधिक वाहतो, आणि रोधकांत खर्च होणारा दाब प्रवाहाच्या प्रमाणांतच वाढतो. म्हणजे मोटारीस दाबाची खरी गरज असते नेमका तेव्हांच रोधक तिच्या तोंडचा घांस काढून घेतो. ती फिरूं लागली कीं स्वतःच उलट दाब उत्पन्न करिते; प्रवाह घटतो, आणि रोधक तोच घांस परत देऊन तिला पळवितो.

आजोबा हें ऐकून हंसले. ता. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास पहिली विजेची गाडी गेली. तेव्हांपासून कित्येक वर्षें १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावरील या गाड्याही रोधकांच्याच साहाय्यानें सुटत. प्रथम मोटारी एकीपुढें एक जोडावयाच्या, वाटेंत रोधक ठेवावयाचे, व गाडी वेग घेईल तसतसे ते टप्प्याटप्प्यानें काढावयाचे. मग मोटारी समांतर जोडून पुन्हां तोच क्रम. रोधक तापत, म्हणून त्या टप्प्यांवर फार वेळ रेंगाळतां येत नसे. “ठाकुर्लीच्या वीजघरांत कोळसा जाळावयाचा, आणि ती ऊब ठाण्याच्या फलाटाजवळ वाऱ्यावर सोडावयाची!” आजोबा म्हणाले.

आमच्या सरांनीं दुसरा मार्ग सुचविला. दाब पूर्णच द्यावा, पण तुकड्यातुकड्यांनीं. ५५५ नांवाची आठ पायांची एक इवलीशी चिप ट्रान्झिस्टरला सेकंदास शेंकडों वेळां चालू-बंद करिते. चालू काळ लांबविला कीं वेग वाढतो, आखडला कीं घटतो. प्रत्येक ठोका पूर्ण सहा व्होल्टचा असल्यामुळें थांबलेली मोटारही नेटानें हलते. आणि ट्रान्झिस्टर एक तर पुरता उघडा, नाहीं तर पुरता बंद, त्यामुळें तो फारसा तापत नाहीं.

माझा मात्र प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीं जळाला! मोटारीच्या वेटोळ्यांतील प्रवाह एकाएकीं तोडला कीं तें मोठा दाब उठवितें; त्या प्रवाहास फिरण्याला वाट मिळावी म्हणून मोटारीच्या दोन टोकांमध्यें डायोड बसवावयाचा असतो. तो मीं वहींतील आकृतींत काढला होता, जोडला नव्हता. दुकानें बंद झालेलीं. मी रडकुंडीस आलों. आजोबा उठले, आणि रोज सकाळीं ज्यावर ते बातम्या ऐकत तो जुना रेडिओ त्यांनीं माझ्यापुढें ठेविला. “यांत दोन्ही सांपडतील,” एवढेंच म्हणाले. झांकण उघडतांना माझा हात चालेना.

सकाळीं लोकलनें ठाण्यास निघालों. हल्लींच्या गाड्या २५,००० व्होल्टच्या उलटसुलट प्रवाहावर चालतात. उपनगरी मार्गावरील एकदिश प्रवाह २०१६ सालीं संपला. परंतु आंत मोटारींना वीज अशीच झपाट्यानें कापून दिली जाते, आणि गाडी सुटतांना चढत जाणारा तो सूर तिचाच. आजोबा डोळे मिटून तो ऐकत होते.

प्रदर्शनांत मीं खुंटी हलकेच फिरविली. गाडी मुंगीच्या पावलांनीं निघाली. खडू तसाच उभा! टाळ्या ऐकून मी इतका हुरळलों कीं खुंटी झटक्यासरशीं मागें फिरविली, गाडी जागच्या जागीं थबकली, आणि उतारू थेट परीक्षकांच्या पायांशीं गेला. बक्षीस मिळालें नाहीं. आजोबांनीं खडू उचलून खिशांत घातला, आणि डोंबिवली येईपर्यंत, मुंब्र्याजवळ गाडी हळू झाली असतां मोटरमननें काय केलें असेल, हेंच मला विचारीत राहिले.