बंदूक नसलेला पठाण

जुन्या उर्दू पुस्तकांच्या एका गठ्ठ्यात मला एक फोटो मिळाला. ओढ्याकाठी झाडाखाली सतरंजी अंथरलेली, मधोमध सामोवार, भोवती पाच-सहा माणसं. कुणी लवंडलंय, कुणी पाण्यात पाय सोडून बसलंय. मधले गृहस्थ कोटाची बटणं सोडून तोंडभर हसताहेत. फोटोमागे पेन्सिलीनं उर्दूत लिहिलंय : वकीलसाहेब, दोस्तांसोबत, पेशावर. नाव नाही, साल नाही.

घरी आणि मित्रांना फोटो दाखवला. मुसलमान असो की हिंदू, बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच : "हे पठाण? मग बंदुका कुठायत?"

प्रश्न गमतीचा वाटतो, पण तो जुना आहे. मराठीत पठाण आला तोच 'पठाणी व्याज' आणि 'पठाणी वसुली' घेऊन. इंग्रजांनी सरहद्दीचे जे फोटो जगाला दाखवले, त्यांत खांद्यावर रायफल आणि मागे उघडे डोंगर. त्या माणसाला मित्र असतील, तो ओढ्याकाठी चहा पीत असेल, हे कुणाच्या मनात यायचं कारणच उरलं नाही.

ही प्रतिमा सरकारच्या कामाचीही होती. हे लोक रानटी आहेत असं ठरलं की त्यांच्यासाठी वेगळा कायदा करता येतो. १९०१ चं 'फ्रंटियर क्राइम्स रेग्युलेशन' तसंच होतं. आरोपीचा निवाडा सरकारी अधिकाऱ्यानं नेमलेल्या जिरग्याकडे सोपवता यायचा. एकाच्या गुन्ह्यासाठी सगळ्या टोळीला शिक्षा करता यायची. लोकांनी त्याचं वर्णन तीन शब्दांत केलं : ना अपील, ना वकील, ना दलील. इंग्रज गेले तरी पाकिस्तानच्या आदिवासी भागात हा कायदा २०१८ पर्यंत टिकला.

अशा मुलखात वकील होणं म्हणजे बंदुकीऐवजी युक्तिवादावर भरवसा ठेवणं. असे लोक तिथं होते. मर्दानचे काझी अताउल्ला खान वकील होते. ते खान अब्दुल गफार खान यांच्या अहिंसक खुदाई खिदमतगार चळवळीत उतरले आणि पुढं डॉ. खान साहेबांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. खुद्द गफार खान १९३४ मध्ये सरहद्दीवर जायची बंदी असताना आपल्या वर्ध्यात राहिले होते. मुंबईतल्या एका भाषणावरून त्यांना अटक झाली ती वर्ध्यातच.

वकिलांची ही गोष्ट सरळ मात्र नाही. पेशावरचे बॅरिस्टर अब्दुल कय्यूम खान केंद्रीय कायदेमंडळात काँग्रेसचे उपनेते होते. १९४५ मध्ये ते मुस्लिम लीगमध्ये गेले आणि १९४७ मध्ये प्रांताचे मुख्यमंत्री झाले. मग त्यांच्याच राजवटीत जुने सहकारी तुरुंगात गेले. कायदा शिकलेला माणूस कायद्याच्या बाजूनं राहीलच असं नाही. पण हेही राजकारण आहे, वादविवाद आहे, फितुरी आहे. म्हणजे माणसांचा इतिहास आहे, टोळीचा नाही.

हे मी लिहितोय ते आपल्यासाठी. वर्तमानपत्रात आपला फोटो कधी येतो? ईदच्या नमाजाची रांग, नाहीतर तोंडावर काळं फडकं टाकलेला आरोपी. आपले वकील, मास्तर, कंपाउंडर, महाबळेश्वरच्या सहलीत हसणाऱ्या आपल्या फुफ्या आणि खाला यांचे फोटो ट्रंकेत पडून असतात. तेही आपलेच पुरावे आहेत.

तेव्हा एवढं करा. या रविवारी घरातले जुने फोटो बाहेर काढा, दादी-नानीला शेजारी बसवा आणि प्रत्येक फोटोमागे नाव, गाव, साल लिहून घ्या. पेन्सिलीनं लिहिलं तरी चालेल. नुसतं 'वकीलसाहेब' लिहून मात्र सोडू नका.