भोपळ्याचा दिवा

भोपळा हे आपल्या भाषेत फारसे मानाचे फळ नाही. परीक्षेत शून्य गुण मिळाले की पदरी भोपळा पडला असे म्हणतात, ज्यांचे परस्परांशी पटत नाही त्यांचे विळ्याभोपळ्याचे सख्य असते, आणि खोटी समजूत सरली की भ्रमाचा भोपळा फुटतो. बालपणीच्या गोष्टीत मात्र लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीला त्याने वाघाच्या तोंडून वाचवले आहे. २०२४च्या ऑक्टोबरात मी बडोद्याहून न्यू जर्सीला लेकीकडे गेले, तेव्हा याच भोपळ्याला घराच्या पायरीवर दिव्याचा मान मिळालेला पाहिला. त्या निमित्ताने मनात आलेले चार विचार, पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात नांदलेल्या आपल्यासारख्या वाचकांपुढे मांडावेसे वाटतात.

हॅलोवीन हा ३१ ऑक्टोबरचा सण. ख्रिस्ती परंपरेत १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस. त्याची ही पूर्वसंध्या. सुगी संपून हिवाळा लागताना आयर्लंड-स्कॉटलंडकडील केल्ट लोक जो उत्सव करीत, त्यात याचे मूळ असल्याचे मानतात. त्या रात्री जिवंतांच्या आणि मृतांच्या जगांमधला पडदा विरळ होतो, अशी श्रद्धा होती. आयर्लंडमध्ये लोक सलगमाचे कंद पोखरून, त्यावर भेसूर चेहरे कोरून आत दिवा ठेवीत. १८४५ साली तेथे बटाट्याचे पीक कुजू लागले, दुष्काळ पडला आणि लाखो माणसे अमेरिकेला गेली. नव्या भूमीत त्यांना भोपळा भेटला. तो सलगमाहून मोठा आणि पोखरायला कितीतरी सोपा. हळूहळू सलगम मागे पडले, दिवा राहिला.

लेकीच्या वसाहतीत ऑक्टोबर लागताच घरोघरची अंगणे सजू लागली. बाजारात सर्व काही तयार मिळते: हवा भरून फुगणारी भुते, आपोआप किंचाळणाऱ्या चेटकिणी, आणि २०२० साली आलेले १२ फुटी प्लॅस्टिकचे सांगाडेही. माझ्या दहा वर्षांच्या नातीने मात्र हट्ट धरला की आपण सारे घरीच करायचे. पुढचे दोन आठवडे मी तिच्या हाताखाली कामाला होते.

प्रथम बुजगावणे झाले. जावयाचा जुना सदरा आणि विजार घेऊन बाह्यांची व पायांची तोंडे सुतळीने बांधली आणि आत अंगणात पडलेली मेपलची वाळकी पाने ठासून भरली. जुन्या उशीच्या अभ्र्याचे डोके, त्यावर कोळशाने डोळे. मग भुते. घरातल्या पांढऱ्या चादरीच्या मध्यभागी वर्तमानपत्राचा गोळा धरून खाली दोरी आवळली की झाडाला टांगायचे भूत तयार. लहान भुतांसाठी नातीने जाळीदार सुती कापड कॉर्नफ्लोअरच्या खळीत बुडवले आणि बाटलीवर चेंडू ठेवून त्यावरून पसरले. वाळल्यावर बाटली काढून घेतली, तर कापड आपोआप उभे! पातळांना खळ करण्यात माझे अर्धे आयुष्य गेले, पण खळीतून भूत निघते हे प्रथमच कळले. पावसात खळ विरघळते, म्हणून ही मंडळी ओसरीच्या छपराखाली बसवली. दुधाच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या कॅनवर काळ्या शाईने चेहरे काढून, तळाशी वाळू घालून, आत विजेच्या बारीक दिव्यांची माळ सोडली. कोळ्याचे जाळे मात्र जाड दोरीचे विणले, कारण बाजारी कापसाच्या जाळ्यात लहान पाखरे अडकतात. दाराच्या दोन्ही बाजूंना मक्याची वाळकी ताटे उभी केली, तेव्हा मला आपल्या मंगलकार्यातल्या केळीच्या खांबांची आठवण झाली.

राहिला भोपळा. तो फार आधी कोरून चालत नाही. चारपाच दिवसांत मऊ पडतो, शिवाय खारी कुरतडतात. देठाभोवतीचे झाकण सुरी तिरपी धरून कापावे, म्हणजे ते आत पडत नाही. मग बिया आणि धागे काढून, चेहऱ्याच्या बाजूची भिंत इंचभर उरेपर्यंत खरवडावी.

सुरी हाती आली आणि मी थबकले. आमच्या दांडिया बाजारातल्या घरी सासूबाईंचा दंडक होता की अखंड भोपळ्याला बाईने प्रथम सुरी लावायची नाही. घरातल्या पुरुषाने एक चीर द्यावी, मग आम्ही चिरावा. असे का, हे एकदा विचारले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, ‘‘भोपळा म्हणजे घरचा थोरला मुलगा. त्याच्यावर आईने शस्त्र धरायचे नाही.’’ हे मी नातीला सांगितले. जावई कामावर गेलेले. ती क्षणभर विचारात पडली आणि म्हणाली, ‘‘आजी, या घरात थोरली मीच आहे ना?’’ ती एकुलती एक आहे. मी पहिली चीर तिच्याकडून देववली. सासूबाईंच्या नियमातील माया मला मोलाची वाटते; पण ती माया थोरल्या लेकीलाही पोचावी, एवढाच बदल मी त्यात केला.

त्या वर्षी नरकचतुर्दशीही ३१ ऑक्टोबरलाच आली होती. लेक आदल्या रात्री अस्वस्थ होती. ‘‘आई, दिवाळीच्या दिवशी दारात भूत? आधीच आपले किती उरले आहे इथे?’’ हा प्रश्न आपल्या घरांना नवा नाही. मी तिला बडोद्याची काळी चौदस आठवून दिली. आपल्या गुजराती शेजारणी त्या रात्री चव्हाट्यावर वडे ठेवून, भोवती पाणी फिरवून, मागे न पाहता घरी येत, म्हणजे घरातला कलह बाहेर गेला. आपण त्याच चतुर्दशीला पहाटे अंगणात नरकासुर म्हणून कारीट पायाखाली फोडतो. हे कारीटही भोपळ्याच्याच कुळातले. धनत्रयोदशीला यमासाठी दक्षिणेकडे तोंड करून दिवा आपणच लावतो. भयाला दाराबाहेर जागा देऊन त्याच्याशी खेळावे, ही रीत सर्वच लोकांना ठाऊक आहे. त्यासाठी आपले काही सोडावे लागत नाही.

पहाटे अभ्यंगस्नान झाले. संध्याकाळी काड्या आणि पतंगी कागदाचा, आम्हीच केलेला आकाशकंदील खळीच्या भुतांशेजारी टांगला. ओसरीवरचा दिवा लावलेला असला की मुलांनी खाऊ मागायला यावे, असा तेथील संकेत. मुले आली. एकाने चांदणीकडे बोट दाखवून काही विचारले. नातीच्या भरभर इंग्रजी उत्तरातून मला ‘दिवाळी’ आणि ‘आजी’ हे दोनच शब्द कळले. तेवढे मला पुरले.

लाल भोपळ्याचे घारगे आपण किती आपलेपणाने करतो! पण हे फळ मूळचे अमेरिकेचे. युरोपीय दर्यावर्दी तेथे जाऊन आल्यानंतरच ते आपल्याकडे पोचले, आणि आपल्या दुधी भोपळ्याच्या नावात वाटेकरी झाले. आज त्याला कोणी उपरा म्हणत नाही. गायकवाडांच्या मागोमाग १८व्या शतकात गुजरातेत आलेल्या आपल्या घराण्यांचेही तसेच झाले. आमच्या वाड्यातली मुले दिवाळीत किल्ला करीत. रायगड त्यांच्यापैकी कोणी पाहिला नव्हता. माती विश्वामित्रीकाठची, अळीव पेरणारे हात निम्मे गुजराती. तरी तो किल्ला महाराजांचाच होता.

किल्ला दिवाळी सरली की ढासळे, आणि कोरलेला भोपळा आठवड्यात कुजून खत होतो. प्लॅस्टिकचा सांगाडा मात्र खोक्यात जातो आणि पुढल्या वर्षी तसाच बाहेर येतो. तो कोणाला कोणाकडून शिकावा लागत नाही. हाताने केलेली वस्तू टिकत नाही, म्हणूनच ती दरवर्षी पुन्हा करावी लागते, आणि करताना कोणीतरी मोठे माणूस कोणा लहानाशेजारी बसावे लागते. परमुलखात आपल्या चालीरीती ज्या काही टिकल्या, त्या अशा शेजारी बसण्यामुळेच टिकल्या आहेत. माती कुठली आणि फळ कुठले, हा प्रश्न त्यानंतरचा.