कमरपट्ट्याच्या चार कड्या

आजीचा कमरपट्टा माझ्या कमरेला पहिल्यांदा बांधला, तेव्हा तो दोनदा गुंडाळावा लागला होता. मी सात वर्षांची होते. औंधला यमाईची यात्रा होती आणि मला परकर-पोलकं नेसवून आजीनं आपल्या पेटीतून तो काढला होता. पस्तीस तोळे चांदी, अंगठ्याएवढ्या नक्षीदार कड्या एकमेकींत गुंतवलेल्या आणि पुढे मळसूत्राचा पेच. डोंगराच्या पायऱ्या चढताना तो सारखा खाली सरकत होता. मी एका हातानं पट्टा धरला होता, दुसऱ्या हातानं आजीचं बोट.

आजी औंध संस्थानातली. संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते. १९३८ साली त्यांचं सूर्यनमस्कारांवरचं इंग्रजी पुस्तकही निघालं होतं. त्यांच्या संस्थानातल्या शाळांमध्ये पोरं नमस्कार घालायची, आणि आजी त्या पोरांतली. साठी उलटली तरी ती पहाटे अंगणात बारा नमस्कार घालायची. हा व्यायाम आहे, असं तिला कधी वाटलंच नाही. सडा घालणं, चूल पेटवणं आणि नमस्कार ही सगळी तिच्या लेखी सकाळचीच कामं होती.

चांदीचा पट्टा सणावारी. एरवी तिच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी असायची. पोतं हलवायचं असलं, पाण्याचा हंडा उचलायचा असला, की ती आधी पट्टी आवळायची. ‘वज्जन उचलायचं तर आदी कंबर बांदावी, पोरी,’ असं ती म्हणायची. हे वाक्य मी कितीतरी वर्षं विसरून गेले होते.

माझं लग्न २००३ साली साताऱ्यात झालं. आजीनं तो पट्टा माझ्या शालूवर बांधला आणि पेच सहज फिरला. तिच्या नऊवारीच्या काष्ट्यावरून घालायला घडवलेला म्हणून थोडा सैलच होता. मुलगा झाला, तीन वर्षांनी मुलगी झाली. मुलीच्या बारशाला पेच बसेना. साताऱ्याच्या सोनारकाकांनी दोन कड्या वाढवून दिल्या. ‘बाळंतपणात अंग सुटतंच, ताई,’ एवढंच म्हणाले आणि कडीचा नमुना जुळवायला भिंग डोळ्याला लावून बसले.

२०११ मध्ये आम्ही इरुंगाट्टुकोट्टैला आलो. चेन्नईहून बंगळूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे, सिपकॉट या सरकारी महामंडळाची मोठी औद्योगिक वसाहत आहे. ह्युंदाईनं १९९८ मध्ये इथूनच सँट्रो बाहेर काढली आणि तिच्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्यांचं गाव उभं राहिलं. त्यातल्याच एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणीला लागले. सुरुवातीच्या दिवसांत मला एका गोष्टीचा फार आधार वाटायचा. दारासमोरचा हा रस्ता पूर्वी चार नंबरचा होता, आता अठ्ठेचाळीस नंबरचा आहे, आणि तोच पुढे बंगळूर, कोल्हापूर, सातारा करत पुण्याला जातो. माझं माहेर याच डांबरावर आहे, हे मी मनात घोळवायचे.

दिवसपाळी, दुपारपाळी, रात्रपाळी. आठवड्यागणिक झोपेची वेळ बदलायची. रात्री दोन वाजता कँटीनमध्ये गरम टोमॅटोभात मिळायचा. लाइनवरच्या मुली भेटल्या की पहिला प्रश्न ‘साप्टाच्चा?’ म्हणजे जेवलीस का. परक्या मुलखात त्या एका शब्दानं मला माणसं दिली. मी जेवले होते तरी त्यांच्याबरोबर पुन्हा बसायचे, आणि त्या जेवणांचा मला आजही पश्चात्ताप नाही. २०१६ मध्ये दिराच्या लग्नाच्या वेळी पट्ट्याला आणखी दोन कड्या लागल्या. त्या श्रीपेरुंबुदूरच्या बाजारातल्या आसारींनी, म्हणजे तिथल्या सोनारांनी, घातल्या. शेजारच्या अक्का सोबत होत्या. पट्टा हातात घेऊन त्या हरखल्या, ‘ओट्टियाणम!’ त्यांच्याकडेही नवरीच्या कमरेला हाच दागिना असतो. २०२४ मध्ये भाच्याच्या लग्नात त्या चार कड्यांनीही भागलं नाही. पट्टा पेटीतच राहिला.

त्याच वर्षी माझा घोरण्याचा आवाज मध्येच बंद पडतो आणि मग मी दचकून श्वास घेते, हे माझ्या नवऱ्यानं डॉक्टरांना सांगितलं. झोपेची तपासणी झाली. तासाला अडतीस वेळा श्वास अडत होता. साखर वाढलेली. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ९८ किलो, बॉडी मास इंडेक्स चाळीसच्या वर. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, ‘वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करा.’

आमच्या खात्यात ‘गो–नो-गो’ नावाचं गेज असतं. त्याची एक बाजू भोकात गेली पाहिजे आणि दुसरी जाता कामा नये, तरच भाग पास. दिवसभर हे गेज हाताळणाऱ्या मला तो चाळीसचा आकडा तसाच वाटला. मी नापास झालेला भाग होते. पुढे वाचत गेले तेव्हा कळलं, की उंची-वजनाचं हे गणित बेल्जियमच्या केटले या संख्याशास्त्रज्ञानं १८३२ च्या सुमारास मांडलं, ते सरासरी माणूस कसा असतो हे शोधण्यासाठी. त्याला आजचं नाव मिळालं १९७२ मध्ये. शस्त्रक्रियेची रेषा १९९१ साली अमेरिकेत चाळीसवर आखली गेली, गंभीर आजार सोबत असेल तर पस्तीसवर. २०२२ मध्ये ती आणखी खाली आली, आणि आपल्यासारख्या आशियाई लोकांसाठी त्याहूनही खाली, कारण आपल्याला कमी वजनातच मधुमेह गाठतो. एकाच शरीरासाठी रेषा अशी सरकत असेल, तर ती रेषा शरीराची लायकी कशी ठरवणार?

तरीही मी आधी व्यायामच निवडला. घरच्या घरी करायचा नव्वद दिवसांचा कार्यक्रम होता. आठवड्याला सहा दिवस, रोज तासभर, पडद्यावरच्या शिक्षकाबरोबर. पहाटे साडेचारला हॉलमधली टीपॉय सरकवायची आणि चटई पसरायची. पहिल्या आठवड्यात उड्या मारताना गुडघा सुजला. मग फिजिओथेरपिस्टनं उड्या बंद केल्या. त्यांच्या जागी भिंतीला पाठ टेकून बैठका, हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन उचलणं आणि हळूहळू सूर्यनमस्कार आले. पहिल्या नमस्काराला खाली वाकताना पोट मध्ये आलं आणि मला आजी आठवली. दुसऱ्या दिवसापासून मी जुन्या साडीची पट्टी कमरेला आवळून बांधू लागले.

नव्वद दिवस मी एकही खाडा केला नाही. सात किलो कमी झाले. साखर उतरली. कारखान्याचे दोन जिने न थांबता चढू लागले. पाठदुखी गेली. त्यानंतर सहा महिने व्यायाम चालू असूनही पाच किलो परत आले. भूक अशी लागायची, की पाळी संपेपर्यंत डोक्यात दुसरं काही नसायचं. मी स्वतःला दोष देत होते, आणि घरचेही प्रेमानंच दोष देत होते. ‘जरा जिभेवर ताबा ठेव.’ ‘ऑपरेशन म्हणजे पळवाट गं.’

या ‘पळवाट’ शब्दाबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे. वजन घटवण्याची अमेरिकन टीव्ही स्पर्धा जिंकायला उतरलेल्या चौदा जणांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी सरासरी ५८ किलो उतरवले होते. सहा वर्षांनी त्यातले ४१ किलो परत आले होते, आणि त्यांचं शरीर विश्रांतीत असताना अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. ही माणसं आळशी नव्हती. वजन घटलं की शरीर त्याला दुष्काळ समजतं. भूक वाढवतं, खर्च आवरतं. दुष्काळात तगून राहिलेल्या पिढ्यांनी आपल्याला दिलेलं हे संरक्षण आहे. दुष्काळी माणदेशाच्या कडेला वाढलेल्या मला ते समजायला इतकी वर्षं लागायला नको होती.

शस्त्रक्रिया नेमकी त्या संरक्षणाशीच बोलते. स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमीत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी ठेवतात. काढलेल्या भागातच घ्रेलिन हे भुकेचं संप्रेरक मुख्यतः तयार होतं. त्याचा शोध जपानमध्ये १९९९ साली लागला. म्हणजे पोट लहान होतं हे अर्धंच खरं. भुकेची हाकही मंद होते. स्वीडनमध्ये १९८७ पासून चार हजारांहून अधिक लोकांचा मागोवा घेतला गेला. तेव्हाच्या शस्त्रक्रिया आजच्यापेक्षा वेगळ्या होत्या. पण जठराचा बायपास केलेल्यांचं वजन पंधरा वर्षांनीही सरासरी २७ टक्क्यांनी कमी होतं, आणि शस्त्रक्रिया न केलेल्या गटाचं वजन जवळजवळ होतं तिथंच राहिलं. शस्त्रक्रिया केलेल्यांमध्ये मृत्यूही कमी झाले.

मग व्यायाम व्यर्थ का? त्याचं उत्तर मला चेन्नईतच मिळालं. डॉ. ए. रामचंद्रन यांनी इथं मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांचा अभ्यास केला आणि तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. रोज अर्धा तास भरभर चालणं आणि खाण्यात बदल, एवढ्यानं मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. त्यांचं वजन फारसं बदललंच नव्हतं! हे वाचून मी चटईवर बसले आणि रडले. माझे नव्वद दिवस वाया गेले नव्हते. मी त्यांना चुकीचा हिशेब विचारत होते. व्यायामानं माझे पाय, माझं हृदय, माझी पाठ मला परत दिली होती. वजन घटवण्याचं वचन त्यानं कधी दिलंच नव्हतं; ते पडद्यावरच्या जाहिरातीनं दिलं होतं.

भीती खोटी नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये पुदुच्चेरीहून आलेल्या सव्वीस वर्षांच्या तरुणाचा चेन्नईत वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेत मृत्यू झाला. ती बातमी इथल्या प्रत्येक घरात वाचली गेली. लाइनवरच्या एका मुलीनं माझा हात धरून ‘वेंडाम, अक्का,’ म्हणजे नको अक्का, म्हटलं होतं. म्हणून मी डॉक्टरांना प्रश्न विचारले, गुणवत्ता तपासणीत पुरवठादाराला विचारतात तसे. वर्षाला किती शस्त्रक्रिया करता? अतिदक्षता विभाग इथंच आहे का? भूल देणारे डॉक्टर माझ्या श्वासाचा अहवाल आधी पाहणार का? रात्री काही झालं तर कोण हजर असेल? ज्यांनी न चिडता उत्तरं दिली, त्यांच्याकडेच थांबले. २०२५ मध्ये भारतात आलेल्या वजनाच्या इंजेक्शनांबद्दलही विचारलं. ती बंद केली की वजन परत येऊ शकतं आणि दर महिन्याचा खर्च आम्हाला वर्षानुवर्षं झेपणारा नव्हता. विम्याच्या नियमात मात्र गंभीर स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडणं, असलेल्यांना पस्तीसच्या वरच्या बॉडी मास इंडेक्सला शस्त्रक्रिया बसते, आधी साधे उपाय करून पाहिलेले असतील तर. माझे नव्वद दिवस तिथंही कामी आले.

यात पळवाट कुठं आहे? आधी पातळ आहार, मग आठवडेच्या आठवडे वाटीभर मऊ जेवण. घास सावकाश चावायचा, जेवताना पाणी प्यायचं नाही. प्रथिनं मोजून, बी-बारा, लोह, कॅल्शियम आयुष्यभर, आणि रक्ताच्या तपासण्याही आयुष्यभर. स्नायू झिजू नयेत म्हणून व्यायाम तर आलाच. तराजूच्या दोन पारड्यांत मी ज्यांना समोरासमोर ठेवलं होतं, ते दोघं एकाच बाजूचे निघाले. शस्त्रक्रिया भुकेला आवर घालेल, आणि उरलेलं आयुष्य उचलायचं बळ नमस्कार देतील. दोन्हीला लागतो तो निश्चय. आपल्या भाषेनं त्याला केव्हाच ‘कंबर कसणं’ म्हणून ठेवलंय.

शस्त्रक्रियेची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे.

यंदाच्या पोंगलला मुलीनं पावडै-दावणी नेसली आणि पेटीतून पट्टा काढला. तिच्या कमरेवर तो सारखा घसरत होता, माझ्या सातव्या वर्षासारखाच. आम्ही दोघी आसारींकडे गेलो. त्यांनी पट्टा दिव्याखाली धरला. साताऱ्याच्या दोन कड्या आणि स्वतःच्या दोन त्यांनी बरोबर ओळखल्या. बाकीच्या कड्यांची नक्षी आजीच्या बोटांनी गुळगुळीत झाली होती, या चारांची अजून टोचत होती. त्यांनी विचारलं, ‘या काढू का?’

मुलगी माझ्याकडे बघत होती. त्या चारांतल्या दोन कड्या तिच्या जन्माच्या होत्या आणि दोन रात्रपाळ्यांच्या, ज्यांच्या पगारावर दोघं मुलं शिकली. माझ्या शरीरानं जे वाहिलं त्याची ती नोंद होती, चुकीची यादी नव्हे. मी नको म्हटलं. मग आसारींनीच तोडगा सुचवला आणि पेचाशेजारी चांदीचा एक छोटा आकडा बसवून दिला. आता पट्टा कुठल्याही कडीत अडकवता येतो. परतताना मुलीनं तो सातव्या कडीत अडकवला होता, आणि उरलेल्या कड्या तिच्या चालण्याबरोबर हलत, वाजत होत्या.