ऐकणारे बंदिवान

परमेश्वराच्या दरबारी गुदरलेल्या दरखास्ती मंजूर झाल्याच्या साक्षी आपल्या मंडळ्यांतून मोठ्या हौसेने दिल्या जातात. ज्या नामंजूर झाल्या त्यांची मात्र कोणी दफ्तरात नोंद ठेवीत नाही. वास्तविक पौलासारख्या मातब्बर प्रेषिताने आपल्या देहातील शूळ निघावा म्हणून तीन वेळा विनंती केली आणि शूळ जेथे होता तेथेच राहिला, ही हकीकत त्याने स्वतःच करिंथकरांस कळविलेली आहे. त्याला मिळाले ते आरोग्य नव्हे. कृपा पुरेल एवढेच आश्वासन मिळाले. हे ‘पुरणे’ म्हणजे नेमके काय, ते पुष्कळ वर्षे पुष्कळ प्रवचने ऐकूनही मला उमगले नव्हते, आणि जे काही थोडे उमगले ते कुमार गंधर्वांच्या गाण्याने, असे म्हटले तर आमच्या मंडळीतील वडीलधारे भुवया चढवतील. पण खरे ते सांगितलेच पाहिजे.

त्यांच्या भुवयांना माझे एक उत्तर आहे. रायपूरहून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसले की थोड्याच वेळात राजनांदगाव येते. 1893 साली नोकरीच्या शोधात नागपूरहून याच राजनांदगावकडे निघालेल्या नारायण वामन टिळकांच्या हाती आगगाडीच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने शास्त्राचे पुस्तक दिले, आणि 1895 च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. तरी आपण ख्रिस्तापाशी पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, अशी कबुली द्यायला ते कधी लाजले नाहीत. मला तर केवळ धीर हवा होता, आणि धीर घेताना देणाऱ्याची जातकुळी पाहण्याची वहिवाट ख्रिस्ताने घालून दिलेली नाही. एक पथ्य मात्र पाळले पाहिजे: कुमारांना त्यांच्या मागे, त्यांच्या संमतीवाचून, ख्रिस्ती करून टाकण्याचा आगाऊपणा करता कामा नये. ते कबीर गात, आणि कबीर म्हणूनच गात.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ हा 8 एप्रिल 1924 रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीस जन्मलेला मुलगा दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका जशाच्या तशा गळ्यातून उतरवून सभा जिंकीत असे, ‘कुमार गंधर्व’ ही पदवीही त्याला बाळपणीच लाभली होती, आणि पुढे मुंबईत प्रोफेसर बा. र. देवधरांसारखा डोळस गुरू मिळाल्यावर त्याच्या भाग्याला काही उणे राहिले आहे असे कोणाला वाटण्याचे कारण नव्हते. 1947 साली भानुमतींशी विवाह झाला. आणि त्याच सुमारास डाव्या फुप्फुसात क्षयाने ठाण मांडल्याचे निदान झाले. कोरड्या हवेसाठी 1948 च्या जानेवारीअखेर हे दांपत्य माळव्यात देवासला आले. पवारांच्या थोरल्या आणि धाकट्या पातीचे ते टुमदार गाव. तेथे तेवीस वर्षांच्या त्या गवयाला डॉक्टरांचा हुकूम मिळाला, की गाणे बंद.

त्या काळी क्षय म्हणजे काय होते, याची कल्पना आज यायची नाही. आमच्या छत्तीसगढात पेंड्रारोडच्या सॅनिटोरियमचे नाव माणसे आवाज उतरवून घेत. दक्षिण महाराष्ट्रात मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे तसेच. हवा, दूध आणि निजून राहणे, याखेरीज वैद्याच्या पोतडीत फारसे काही नसे. बिछान्याला खिळलेल्या नवऱ्याची शुश्रूषा करीत भानुमतींनी शाळेतल्या नोकरीवर घर चालवले. स्ट्रेप्टोमायसिन हे मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून निघालेले औषध 1943 साली अमेरिकेत सापडले होते, ते देवासच्या त्या खोलीपर्यंत पोचायला 1952 साल उजाडावे लागले. ते आले आणि रोग हटला. पण निकामी झालेले फुप्फुस ते परत आणू शकले नाही.

या पाच-सहा वर्षांच्या मौनाविषयी बोलताना उपदेशकाची जीभ फार सैल सुटते; देवाने त्यांना घडविण्यासाठीच आजार धाडला, वगैरे. मला हे बोलणे मुळीच मानवत नाही. आजार हा आजार होता. परंतु त्या मौनात जे घडले ते मात्र विलक्षण आहे. गाण्याची बंदी असलेल्या माणसाला ऐकण्याची बंदी नव्हती. घराबाहेरून माळव्याच्या बायका लग्नाची, पावसाची, सणावारांची गाणी गात जात. दारावर भिक्षा मागणारे जोगी निर्गुणी भजने म्हणत. आणि खाटेवरचा तो रुग्ण, ज्याच्या कानावर तोवर मोठ्या मैफलींतले गाणे होते, तो या बिनतालमीच्या गळ्यांकडे कान लावून पडून राही. पुढे त्याने त्या लोकगीतांच्या स्वरलिपी शेकड्यांनी टिपल्या, त्यांच्या पोटात दडलेले राग ओळखले, आणि मालवती, संजारी, लगनगांधार अशी नावे देऊन ते मैफलीत आणले. 1965 च्या ‘अनूपरागविलास’मध्ये त्यांतल्या अनेक बंदिशी ग्रंथरूपाने नमूद आहेत.

प्रेषितांच्या कृत्यांत फिलिप्पैच्या तुरुंगाची गोष्ट आहे. फटक्यांनी सोललेले, पाय खोड्यात अडकलेले पौल व सीला मध्यरात्री स्तोत्रे गात होते, आणि इतर बंदिवान ती कान देऊन ऐकत होते. या प्रसंगावरची प्रवचने गाणाऱ्या दोघांवर होतात, किंवा मग भूकंपावर आणि उघडलेल्या दारांवर. ऐकणाऱ्या बंदिवानांविषयी लूकने आणखी एवढेच सुचविले आहे, की दारे उघडल्यावरही ते पळून गेले नाहीत. ते कोण, कशासाठी डांबलेले, पुढे त्यांचे काय झाले, याचा पत्ता नाही. देवासचे कुमार मला या बंदिवानांच्या रांगेत दिसतात. गाणारे होते ते रस्त्यावरचे जोगी. आपण कोणाला जगवीत आहोत याची त्यांना गंधवार्ताही नसावी. चिकाटी चिकाटी म्हणून जिचा आपण उदोउदो करतो, ती त्या वर्षांत बहुतांशी निजून ऐकण्याची चिकाटी होती, आणि दुखणेकऱ्याला तीच परवडते.

1953 मध्ये कुमार पुन्हा मैफलीला बसले तेव्हा निघाले ते गाणे वेगळे होते. त्यांची ध्वनिमुद्रिका लावून नीट ऐकावे. आधी दोन तंबोरे, इतके निगुतीने जुळवलेले की गायकाने तोंड उघडण्यापूर्वीच खोली स्वराने भरून जाते. मग एक लहानसा स्वरसमूह विजेसारखा वर उसळतो आणि तुटतो. तेथे लांबवर ओढलेली तान अपेक्षित असते, ती येत नाही. गायक थांबतो, तंबोरे ती जागा सांभाळतात, आणि श्वास भरल्यावर पुढचा टप्पा पहिल्याच्या अनपेक्षित बाजूने उगवतो. विलंबित लयीला त्यांनी न्याय दिला नाही, घराण्याची शिस्त मोडली, असे आक्षेप जाणकारांनी घेतले, आणि त्यांत तथ्य नसेलच असे म्हणण्याइतका माझा अधिकार नाही. पण बालपणी ज्या गळ्यातून दुसऱ्यांचे आवाज हुबेहूब निघत, त्यातून आता निघाला तो त्याचा स्वतःचा. पौलाच्या त्या ‘पुरण्या’चा अर्थ मला लागला तो येथे: गेलेले भरून मिळाले नाही, उरलेल्यावर नवी वसाहत उभी राहिली.

एवढ्यावर ही गोष्ट संपवावी असा मोह होतो, पण जीवनचरित्र उपदेशकाच्या सोयीने चालत नाही. ज्या भानुमतींनी त्यांना मरणाच्या दारातून ओढून आणले, त्या 1961 साली दुसऱ्या बाळंतपणात गेल्या. या ओळीला मला कोणतेही वचन जोडता येत नाही, आणि जोडणाऱ्यांचा मला रागच येतो. कुमारांनी पुढच्याच वर्षी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी विवाह केला, 12 जानेवारी 1992 पर्यंत ते देवासलाच राहिले आणि गात राहिले, एवढे मला ठाऊक आहे.

आम्हा रायपूरकरांना त्यांचा कबीर परका वाटत नाही याचे कारण भौगोलिकही आहे. सिमग्याकडचे दामाखेडा ही कबीरपंथाची मोठी गादी. पंथाच्या चौका-आरतीत टाळ-मृदंगावर रंगणारी पदे आमच्या खेड्यापाड्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. 1868 साली मिशनरी ओस्कर लोर यांनी विश्रामपूरला ख्रिस्ती वस्ती बसवली, तीही याच मुलखात, अशाच गाणाऱ्या शेजारात.

आमच्या गायकवृंदातील एका वयस्क गृहस्थांना गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण आवाजाचा पल्ला गेला. मी त्यांना कुमारांच्या निर्गुणी भजनांची ध्वनिफीत नेऊन दिली, सोबत उपदेश काही दिला नाही. त्यांनी ती ऐकली, आणि भेटायला गेलो तेव्हा म्हणाले, “मला मागच्या रांगेत खुर्ची द्या. दर कडव्याची शेवटची ओळ तेवढी मी म्हणेन, बाकीचे तुम्ही सांभाळा.” वृंदप्रमुखांनी शिस्तीचा मुद्दा काढला आहे, एकाने मध्येच सुरू व्हावे हे त्यांना पटत नाही, आणि नाताळ तर तोंडावर आला. मी खुर्चीच्या बाजूने मत दिले आहे.