रेषेची कड

जुन्या बिटमॅप चित्राची डागडुजी हाती घेतली, की मी आधी एकच गोष्ट तपासते: हे चित्र कुठल्या काळच्या पेंटमध्ये काढलंय? विंडोजबरोबर फुकट येणारं पेंट वर्षानुवर्षं एकच आहे, असं बहुतेकांना वाटतं. नाव तेच राहिलं हे खरं, पण त्यातली रेषा बदलली. पिक्सेलची चित्रं काढणाऱ्याला त्या रेषेच्या मागे जावंच लागतं.

विंडोज एक्सपीपर्यंतच्या पेंटमध्ये काळा लंबगोल काढला, तर त्याची कड पायऱ्यापायऱ्यांची येते. पिक्सेल एक तर काळा, नाही तर पांढरा. 2009 मध्ये आलेल्या विंडोज 7 पासून आकारांच्या कडा मऊ झाल्या आणि काळ्या-पांढऱ्याच्या मधे करड्या छटा शिरल्या. नजरेला ते गुळगुळीत वाटतं, पण रंग भरायच्या बादलीची अडचण होते. तिचा रंग एकाच छटेच्या, एकमेकांना लागून असलेल्या पिक्सेलांतच पसरतो. करडा पिक्सेल आला की ती थांबते आणि आकाराच्या आत एक मळकट किनार उरते. जुन्या चित्रात असा नवा गोल घातला, तर तो उपरा आहे हे लगेच कळतं. रफू करायला मूळ कापडाचंच सूत लागतं, तसं इथे मूळ आवृत्तीचंच पेंट लागतं.

ते शोधायची माझी पहिली जागा म्हणजे स्वतःच्या जुन्या सीडी. अनोळखी ठिकाणाहून उतरवलेल्या प्रोग्रॅममध्ये काय दडलंय, याचा भरवसा नसतो. एक्सपीच्या सीडीवर ‘आय 386’ नावाच्या फोल्डरमध्ये पेंटची फाइल दाबून ठेवलेली असते. कमांडच्या खिडकीत ‘एक्स्पांड’ ही आज्ञा दिली की ती उलगडते. ती वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावी. विंडोजच्या स्वतःच्या पेंटवर चढवायला गेलं, तर विंडोज ते करू देत नाही. विंडोज व्हिस्टापासून पुढे मेन्यूमधले शब्द वेगळ्या भाषा-फाइलमध्ये गेले, त्यामुळे तिथलं पेंट हवं असेल तर ती फाइलही सोबत घ्यावी लागते. विंडोज 3.1 चं पेंटब्रश 16 बिटचं आहे. आजच्या 64 बिटच्या विंडोजवर ते चालत नाही, म्हणून त्याच्यासाठी संगणकाच्या आत दुसरा, आभासी संगणक उभा करते.

मागे जावं तसं अवजार साधं होत जातं. 1985 च्या विंडोज 1.0 मधलं पेंट झेडसॉफ्ट कंपनीच्या पीसी पेंटब्रशवरून घेतलेलं होतं आणि त्यात फक्त काळं-पांढरं काम होई. 1990 च्या विंडोज 3.0 मध्ये रंगीत पेंटब्रश आलं, विंडोज 95 मध्ये पुन्हा ‘पेंट’ हे नाव आलं. चूक झाली, तर एक्सपीपर्यंत फक्त तीन पावलं मागे फिरता येई. विंडोज 7 मध्ये पन्नास. तीनच पावलांची सवलत असली, की हात रेषेची सुरुवात आणि शेवट दोन्ही आधी ठरवून मगच माउस दाबतो. ती शिस्त मला जुन्या पेंटने लावली.

त्या साधेपणात किती ताकद आहे, हे हॅल लास्को या अमेरिकन अक्षरचित्रकाराने दाखवून दिलं. म्हातारपणी दृष्टी अधू झाल्यावर ते पेंटमध्ये चित्र खूप मोठं करून एकेक पिक्सेल भरत. 2014 मध्ये, 98 व्या वर्षी ते गेले. ठाम कडांचा पिक्सेल त्यांना दिसत होता, म्हणून ते काम करू शकले.

2017 मध्ये पेंटचा विकास थांबणार, ही बातमी आली तेव्हा लोक इतके हळहळले, की ते राहील असं विंडोज बनवणाऱ्या कंपनीला लगेच जाहीर करावं लागलं. 2023 पासून त्यात थरही आले. नवं चित्र काढताना मी ते आनंदाने वापरते. पण जुन्या चित्राला हात लावायचा, तर ते ज्यात जन्मलं त्याच पेंटमध्ये.

म्हणून आता प्रत्येक चित्राच्या फोल्डरमध्ये मी आवृत्तीचं नाव लिहून ठेवते आणि ते पेंटही कुठल्या सीडीवर आहे, याची नोंद करते. नुसती फाइल जपली, तर पुढच्या माणसाला चित्र बघता येईल. अवजारही जपलं, तर त्याला त्याच हाताने पुढची रेषा काढता येईल.