आवरणाऱ्या पेशी

तीन वर्षांपूर्वीं आमच्या सौ.च्या बोटांचे सांधे सकाळीं सुजूं लागले. देवापुढचें निरांजनहि हातांत धरवेना. प्रतिकारशक्ति उरली नाहीं, असा निवाडा करून मींच गुळवेलीचा काढा सुरू केला. डॉक्टरांनीं उलटच सांगितलें: शक्ति कमी झालेली नाहीं, ती स्वतःच्याच सांध्यांवर उठली आहे!

मग नातवाकडून थोडें समजून घेतलें. श्वेतपेशींपैकीं साहाय्यक 'टी' पेशी इशारा देतात, तेव्हां 'बी' पेशी प्रतिपिंडें निर्माण करितात, हें पुष्कळांस ठाऊक असतें. पण आवर घालणाऱ्याहि 'टी' पेशी असतात. जपानचे शिमोन साकागुची यांनीं १९९५ सालीं तें उंदरांवर दाखविलें. या पेशी वगळून उरलेल्या टोंचल्या, तेव्हां त्या उंदरांच्याच अवयवांवर तुटून पडल्या. वगळलेल्या सोबत दिल्या, तेव्हां रोग टळला. २०२५ सालीं मेरी ब्रंको व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासह त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

या पेशींची एक रीत मला फार आवडली. इतर पेशींना वाढीसाठीं लागणारें 'इंटरल्यूकिन-२' हें द्रव्य त्या स्वतःच शोषून घेतात. भांडणांत न पडतां चुलींतलें लाकूड मुकाट्यानें मागें ओढणारी आमची आत्या मला आठवली.

सौ.ना आतां आठवड्यांतून एकदां घ्यावयाच्या गोळ्या चालू आहेत. निरांजन पुन्हां त्याच लावतात. काढ्याची बाटली टाकावयास निघालों, तर म्हणाल्या, "राहूं द्या, तुम्हांलाच घेतां येईल."