जिरतं ते जीर्ण

पावसाळा तोंडावर आला की डोंबिवलीतल्या आमच्या इमारतीत दोन गोष्टी ठरलेल्या. गच्चीवर ताडपत्री आणि जिन्यात महापालिकेची नोटीस. यंदाची नोटीस वाचून तळमजल्यावरच्या काकूंनी मला हटकलं, "तू लिहितोस ना? मग सांग, अतिधोकादायक म्हणजे कोणाला धोका? आपल्याला तिच्यापासून, की तिला आपल्यापासून?" मी हसून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र माझ्यामागून तीन जिने चढून घरात आला.

काकू स्वतः इमारतीला धोकादायक म्हणत नाहीत. "मोडकळीस आलीय रे," एवढंच म्हणतात. मराठीत पीक कापणीला येतं, मुलगी लग्नाला येते आणि घर मोडकळीस येतं. वयात यावं तसं, आपलं आपण. या 'येण्या'त मोठी सोय आहे. खाडीची खारी रेती कोणी वापरली, गळतीचा खर्च कोणी करायचा यावर सभासद किती वर्षं भांडले, हे सगळं त्या एका क्रियापदाआड लपून जातं.

नोटिशीत आणखी एक शब्द होता : जीर्ण. संस्कृतातल्या 'जॄ' या धातूचं हे अपत्य. झिजणं, म्हातारं होणं हा त्याचा अर्थ. जरा त्याच घरची, जर्जर त्याच घरचं. आपला रोजचा 'जुना'सुद्धा प्राकृतातल्या 'जुण्ण'मधून उतरत आलेला. पण या धातूला पचण्याचाही अर्थ आहे. न पचलेलं ते अजीर्ण, आणि पोटात किंवा मातीत मुरलेलं ते जिरलेलं. म्हणजे जिरणं आणि जीर्ण होणं ही सख्खी भावंडं!

हे कळल्यावर मी स्वयंपाकघरातल्या ओलीच्या डागाकडे नव्याने पाहिलं. वरच्या न्हाणीघराचं पाणी त्या स्लॅबमध्ये वीस वर्षं जिरतंय. सिमेंटमधून ते सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, म्हणून फुगतो आणि आतून बाहेर रेटतो. मग आधी पोपडे, मग भेग, मग एखाद्या दुपारी वरणाच्या पातेल्याशेजारी वीतभर खपली. रेतीत मीठ असेल तर हे सगळं आणखी लवकर. स्थापत्य अभियंता ज्याचा चार पानी अहवाल देतो, ते आपल्या भाषेने एका धातूत सांगून ठेवलंय : जिरतं म्हणून जीर्ण होतं.

ही शब्दांची मौज २०१५ सालाशी येऊन थांबते. त्या वर्षी जुलैच्या अखेरीस ठाकुर्लीची मातृछाया इमारत कोसळली, ९ माणसं गेली. आठवडाभरातच, ४ ऑगस्टला, ठाण्यात नौपाड्याच्या बी-केबिनजवळची कृष्णा निवास भर रात्री बसली, तिथे १२. आपल्याकडे इमारतींना नावंही अशीच, आईची नाहीतर देवाची. मे २०२५मध्ये कल्याण पूर्वेला सप्तशृंगी इमारतीचा स्लॅब खाली आला, ६ जण दगावले.

आणि शिळफाट्याच्या लकी कंपाउंडमधली इमारत? ४ एप्रिल २०१३ला ती पडली तेव्हा तिचं बांधकामही संपलं नव्हतं. सात मजले, ७४ मृत्यू. तिला जीर्ण कोण म्हणेल? जीर्ण व्हायला आधी जगावं लागतं. ते अजीर्ण होतं, जमिनीच्या हावेचं.

महापालिकेच्या यादीत आता इमारतींनाही इयत्ता आहेत. सी-१ म्हणजे रिकामी करा, पाडा. सी-२ए, रिकामी करून दुरुस्त करा. सी-२बी, राहता राहता दुरुस्त करा. सी-३, किरकोळ डागडुजी. जिन्यात लोक निकाल विचारावा तसं विचारतात, "तुमची कशात गेली?" यादी हवीच, तिच्यामुळे जीव वाचतात. पण धोकादायक या शब्दात आरोपीचा वास येतो आणि तो मला खटकतो. पन्नास वर्षं आमचा भार आणि आमचं सांडपाणी जिरवणारीला निदान जीर्ण म्हणावं. ठाण्याच्या कौपिनेश्वराचं देऊळ १७६०च्या सुमारास सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी पुन्हा उभारलं, त्याला आपण जीर्णोद्धार म्हणतो. आमच्या वाट्याला येतो तो पुनर्विकास. त्यात उद्धार नाही, चटईक्षेत्र आहे.

काकूंना शेवटी मी एवढंच सांगितलं, धोका दोन्हीकडून आहे. त्या म्हणाल्या, "मग सामान बांधायला घेते."

तुम्हीही एक करा. महापालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षं झालेल्या इमारतीची संरचनात्मक तपासणी करून घेणं बंधनकारक आहे. म्हणजे १९९५ सालच्या, आपण अजून 'नवीन बिल्डिंग' म्हणतो त्यासुद्धा आता रांगेत आल्या. कपाटातून भोगवटा प्रमाणपत्र काढा आणि साल बघा. आमच्या कल्याण-डोंबिवलीत पुष्कळांकडे ते नसतंच. तसं असेल तर इमारतीत माणसं राहायला आली ते साल धरा. पहिल्या गणपतीच्या वर्गणीची पावती कोणाकडे ना कोणाकडे सापडेल.